पर्समध्ये चाकू ठेवू काय?

वाचकांचे प्रश्न, वकीलकाकूंची उत्तरं

मागच्या अंकात मी संध्याकाळच्या शेवटच्या बसबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, स्टॉपवर लाईट नसतो, उतरल्यावर पुढं अंधारातनं चालत जावं लागतं वगैरे. त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी चाकूबद्दल! मी विषय काढला लाईटचा आणि लोक पोचले सुरीपर्यंत. म्हणून यावेळी उताऱ्यावर नाव चढवायचे, वाटणीचे, घरफाळ्याचे प्रश्न बाजूला ठेवलेत, त्या लोकांनी रागावू नका, पुढच्या अंकात घेते.

काकू नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय २३. बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये अकाउंट बघते. सुटायला साडेसहा होतात, बस मिळून गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत सव्वाआठ. फाट्यापासनं घर दीड किलोमीटर, मध्ये काजूची बाग आणि एक ओढा. बस फुकट झाली खरं फाट्यापासनं पुढं चालतच की. गेल्या महिन्यात दोघं बाईकवरनं दोनदा मागनं आले, बोलले काही नाहीत, गाडी हळू करून हसत गेले. भावानं ऑनलाइन एक घडीचा चाकू मागवून दिलाय, पातं साडेतीन इंच, पर्समध्ये टाक म्हणून. आई म्हणते पोलिसांनी बघितलं तर तुलाच आत घालतील. युट्यूबवर एकजण सांगतो ३ इंचाच्या वर गुन्हा, दुसरा सांगतो ९ इंच. नक्की काय आहे? आणि खरंच वापरायची वेळ आली तर मी जेलमध्ये जाणार काय?

बाळ, आधी युट्यूबचं मिटवते. दोघंही हवेतनं बोलत नाहीयेत खरं अर्धंच सांगायलेत. आपल्या देशात आर्म्स ॲक्ट आहे १९५९ चा आणि त्याचे नियम आहेत २०१६ चे. त्या नियमांच्या यादीत बंदूक सोडून बाकीची हत्यारं लिहिलीत, तलवार, खंजीर, भाला, आणि चाकूबद्दल लिहिलंय की पातं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद असेल तर तो ह्या यादीतला. घरकामाला, शेतीला, कारखान्यात किंवा लॅबमध्ये वापरायला बनवलेले त्यातनं वगळलेत, नाहीतर आपल्याकडं प्रत्येक घरातली विळी आणि प्रत्येक शेतातला कोयता जप्त करावा लागला असता. आणि ते ३ इंचवालं आहे ते दिल्लीचं. तिथं १९८० मध्ये एक अधिसूचना निघाली, बटण दाबून किंवा स्प्रिंगनं उघडणाऱ्या चाकूंसाठी, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त म्हणजे बरोबर ३ इंच. ते दिल्लीपुरतं होतं, युट्यूबवाल्यांनी ते सगळ्या देशाला लावून टाकलं.

मग तुझा साडेतीन इंचाचा साधा घडीचा चाकू त्या ९ इंचाच्या यादीत बसत नाही. नुसता पर्समध्ये आहे म्हणून लगेच गुन्हा झाला असं होत नाही. एवढं वाचून भावाला दाखवायला पळू नको, पुढं वाच.

आपल्या बेळगावात वर्षातले कितीतरी दिवस जमावबंदी असते हे तुला मी सांगायला नको. १ नोव्हेंबर आला, एकीकडं राज्योत्सव एकीकडं काळा दिवस, की ऑर्डर. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, अधिवेशन, की आजूबाजूला ऑर्डर. गणपती विसर्जन, निवडणुका, कुठं फलकावरनं, पुतळ्यावरनं तंटा झाला, की ऑर्डर. ह्या ऑर्डरी पूर्वी सीआरपीसी म्हणजे फौजदारी कामकाजाच्या जुन्या कायद्याच्या कलम १४४ खाली निघायच्या, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या कलम १६३ खाली निघतात (लोक अजून १४४ च म्हणतात, आम्ही वकील पण), आणि शिवाय कर्नाटक पोलीस ॲक्ट १९६३ मध्ये कलम ३५ आहे. त्यात चाकू, काठी, लाठी, ज्यानं मारता येतं अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला काही दिवसांपुरती बंदी घालता येते. तिथं इंच बिंच कोणी मोजत नाही. काठीला सुद्धा बंदी असते तर तुझ्या चाकूला काय सोडतात. आणि ऑर्डर निघाली हे तुला उद्यमबागेत संध्याकाळी साडेसहाला कोण येऊन सांगणार आहे?

ही झाली पोलिसांची बाजू, आणि खरं सांगायचं तर मला तिची फार काळजी नाही, कामावरनं परत येणाऱ्या पोरीची पर्स उपसत कोणी बसत नाही. मला काळजी आहे ती चाकूचीच.

माझ्या पर्समध्ये पण होता एक. वकिली सुरू करून दुसरं वर्ष, शहापूरला राहत होते आणि रात्री क्लायंटकडनं चालत यायचे. खडेबाजारात घेतला होता, लाकडी मुठीचा, घडीचा, लॉक बिक काही नव्हतं. जवळजवळ वर्षभर पर्समध्ये होता आणि मला लई धीर होता त्याचा. एक दिवस बसमध्ये पाससाठी गडबडीत हात घातला, तो कधी उघडला होता देवाला माहीत, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाची आतली शीर तुटली. शीर म्हणतो आपण, डॉक्टर म्हणाले टेंडन. टाके, मग सहा आठवडे पट्टीत बांधलेलं बोट, आणि आजही ते बोट पूर्ण मिटत नाही, भाकरी थापताना कळतं. वर्षभरात त्या चाकूनं एकाच माणसाला जखम केली ती मला. ह्यात हसण्यासारखं आहे ते मी पण हसते आता.

तर बिनलॉकचा घडीचा चाकू जोर लावला की आपल्याच बोटांवर मिटतो. मुठीला पुढं आड नसली की हात घसरून पात्यावर जातो, रक्तानं किंवा घामानं ओला झाला की जास्तच. हे कुठल्याही खाटकाला विचार, म्हणून त्यांच्या सुऱ्यांची मूठ बघ कशी असते. आणि दुसरं, वेळ. अमेरिकेत डेनिस ट्यूलर म्हणून एक पोलीस ट्रेनर होते, त्यांनी १९८३ मध्ये मोजून लिहिलं की एक धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पळत येतो. २१ फूट म्हणजे सहा-साडेसहा मीटर, आपल्या गल्लीतली समोरासमोरची दोन दारं. कमरेला पिस्तूल लावलेल्या, ट्रेनिंग घेतलेल्या पोलिसाला ते काढून नेम धरायला पण साधारण तेवढाच वेळ लागतो. तुझा चाकू कुठं आहे? पर्समध्ये, डब्याच्या खाली, छत्रीच्या बाजूला, चेन लावलेली. काढायचा, उघडायचा, धरायचा, दोन्ही हात त्यातच गुंतणार. आणि काढलास तर समोरचे दोघं आहेत आणि त्यांनी तुझा हात पिरगाळला की तो चाकू कोणाचा झाला?

भावाला हे सगळं नीट सांग, त्याच्या मनात वाईट काही नाही. त्याला काहीतरी करायचं होतं, त्यानं वस्तू आणून दिली. पुरुष लोकांना तेवढं जमतं.

आता जेलचं. स्वतःला वाचवायचा हक्क कायद्यानं दिलाय, बीएनएस म्हणजे गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्यात कलम ३४ पासनं ४४ पर्यंत सगळं तेच आहे (१ जुलै २०२४ च्या आधीच्या घटना असतील तर जुन्या आयपीसीची कलमं ९६ ते १०६). जीव जाईल, जबर दुखापत होईल, बलात्कार होईल, पळवून नेतील, ॲसिड टाकतील अशी खरोखर वाटण्यासारखी भीती असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही, कलम ३८. सुप्रीम कोर्टानं २०१० च्या एका निकालात हे पण सांगितलंय की जीवावर बेतलेल्या माणसानं त्या क्षणाला किती जोर लावायचा हे सोन्याच्या तराजूत मोजत बसावं अशी अपेक्षा नाही. खरं ह्या हक्काला दोन कुंपणं आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि भीती संपली की हक्क पण संपला. तो पळाला आणि तू मागं धावून वार केलास तर तो वार स्वसंरक्षणाचा नाही. नुसते हसत गेलेल्या दोघांवर चाकू काढलास तर तो पण नाही. आणि मी स्वसंरक्षण केलं हे कोर्टात दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते, पोलिसांना जेवढा पक्का पुरावा द्यावा लागतो तेवढा आपल्याला द्यावा लागत नाही, पटण्यासारखं आहे एवढं दाखवलं तरी चालतं, खरं तोपर्यंत तारखा तुझ्या, वकिलाची फी तुझी.

आणि हत्यार असलं की कलम बदलतं. ढकललं, हातानं मारलं तर साधी दुखापत, कलम ११५, जास्तीत जास्त एक वर्ष. तीच दुखापत चाकूनं झाली की कलम ११८, तीन वर्षांपर्यंत. जबर दुखापत चाकूनं झाली तर कमीत कमी एक वर्ष आणि वर दहा वर्षं, जन्मठेप सुद्धा होऊ शकते. म्हणजे दोन चापट्यांत मिटलं असतं ते प्रकरण चाकूमुळं कोर्टात जाऊ शकतं, आणि तिथं सरकारी वकील पहिला प्रश्न विचारणार, हा चाकू तुम्ही रोज का घेऊन फिरत होता.

मग हात बांधून बसू काय म्हणशील. नाही. हे दोघं दोनदा आले म्हणजे त्यांना तुझी वेळ माहीत आहे, माझ्या मते तुझा खरा प्रश्न तो आहे. बाईकचा नंबर, निदान रंग आणि कंपनी लिहून ठेव, तारीख वेळ घालून, वहीत. स्टेशनला लेखी अर्ज दे आणि पोच घे. पुन्हा पुन्हा मागं लागून, नको म्हटलं तरी, ओळख करायला बघणं हा कलम ७८ चा गुन्हा आहे, ह्यांनी अजून तिथपर्यंत मजल मारली नाही, खरं पुढं मारली तर तुझा आधीचा अर्ज फाईलला असला पाहिजे. एकटीनं जाऊ नको, गावातलं कोणी पंचायतीतलं बरोबर घे. अर्जातली ओळ गावात फिरली की असली पोरं बऱ्याचदा आपोआप दुसरा रस्ता धरतात, मी बघितलंय.

फोनमध्ये ११२ चं ॲप घे, आणि घरी बसून आधी सेटिंग बघून ठेव, बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण तीनदा पटापट दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. फोन लागला की आधी गाव आणि तालुका सांगायचं, मग काय झालं ते, आपण नेमकं उलटं करतो. ओढ्याजवळ रेंज आहे काय ते दिवसा जाऊन बघ. शंभर रुपयांच्या आतली शिट्टी मिळते, कबड्डीच्या पंचांची असते तसली, ती गळ्यात, पर्समध्ये नको. आणि चांगली टॉर्च, मोबाईलची नको, वेगळी. डोळ्यावर मारली की समोरच्याला चार-पाच सेकंद काही दिसत नाही, रस्त्यावर साप बीप असला तर तो पण दिसतो, आणि ह्या टॉर्चला कुठलीच जमावबंदी नाही.

भावाला मात्र एक सांग, चाकूसाठी खर्च केले तेवढ्याच पैशात दोन महिन्यांचं पेट्रोल येतंय, त्यानं सव्वाआठला फाट्यावर गाडी घेऊन थांबायचं. रोज जमत नसेल तर शक्ती योजना, बायकांना फुकट बसची, चालू झाल्यापासनं, म्हणजे जून २०२३ पासनं, त्या बसला बायका वाढल्यात, तुझ्या फाट्यावर उतरणारी तू एकटीच आहेस काय ते बघ. दोघी-तिघी मिळून चालला की ओढ्यापर्यंतचं अंतर तेवढंच राहतं खरं कोणी बाईक हळू करत नाही.

वकील मॅडम, माझा होलसेलचा धंदा आहे, वसुलीसाठी निपाणी, चिकोडी, संकेश्वर करत रात्री गाडीनं परत येतो, जवळ रोकड असते. आजोबांची जुनी गुप्ती घरात आहे, काठीतली. गाडीत सीटच्या खाली ठेवावी म्हणतो. जुनी वस्तू आहे, वारसाची, तर काही होत नाही ना?

होतंय. तुम्ही गाडीत ठेवायला सगळ्या घरातनं नेमकी तीच वस्तू शोधून काढलीत. आत्ता वर जी यादी सांगितली त्यात तलवारीच्या बाजूलाच गुप्तीचं नाव घालून लिहिलंय, तिथं इंचाचा प्रश्नच येत नाही. वर चाकूला निदान भाजी चिरायला, दोरा कापायला असं काही कारण तरी सांगता येतं, काठीत लपवलेल्या पात्याला काय कारण सांगणार तुम्ही? देवाला जायला?

घरात ठेवण्याचं वेगळं आहे. बंदूक सोडून बाकीच्या हत्यारांना परवाना लागतो की नाही हे त्या त्या भागासाठी अधिसूचना आहे काय त्यावर ठरतं, म्हणून घरातल्या जुन्या वस्तूबद्दल एकदा आपल्या हद्दीतल्या स्टेशनला लेखी कळवून मोकळं व्हा, आणि दसऱ्याला पूजेला काढा. कोडगूच्या (कूर्गच्या) लोकांना आर्म्स ॲक्टमधनं सूट आहे ती पण आपल्याच राज्यात म्हणून काही जण मला सांगतात, हो आहे, खरं ती कोडव लोकांना आणि तिथल्या जम्मा म्हणजे पिढीजात जमीनधारकांना आहे, निपाणीच्या व्यापाऱ्यांना नाही.

आणि रोकड! आता तंबाखूच्या सीझनला सुद्धा लोक क्यूआर कोड लावून बसतात, तुम्ही अजून पिशवी घेऊन फिरताय. जेवढी फोनवर घेता येते तेवढी घ्या, उरलेली त्याच गावातल्या बँकेत भरून रिकामे परत या, चारनंतरची वसुली दुसऱ्या दिवशी. हायवेवर कोणी अडवलंच तर पिशवी देऊन टाका. पैशासाठी गुप्ती काढणारा माणूस पिशवी पण घालवतो आणि बऱ्याचदा बोटं पण. ऐकायला बरं नाही वाटणार, पण मी तुमच्या बायकोच्या बाजूनं बोलतेय.

आम्ही निपाणीच्या विडी कामगार बायका. पर्समध्ये पानं कापायची कात्री असते नेहमी. शेजारीण म्हणते आता कात्रीला पण बंदी आली. खरं काय?

नाही ओ. कात्री तुमच्या पोटापाण्याची आहे, कामाचं अवजार. टोक झाकून फडक्यात गुंडाळून ठेवा, जमावबंदीच्या दिवशी मोर्चा बिर्चाच्या गर्दीतनं जायचं असेल तर घरी ठेवा, बास. कोयता, खुरपं, विळा बसमधनं नेणाऱ्यांना पण हेच, पोत्यात गुंडाळा आणि सीटखाली ठेवा, कंडक्टरचा पाय कापला तर मात्र मी केस घेणार नाही. जांबोटी, कणकुंबीकडनं पण एक पत्र आलंय, अस्वलाच्या भीतीनं शेताला जाताना कोयता घेतो म्हणून. घ्या, खरं अस्वलाला कोयत्यापेक्षा लांबनं आपला आवाज कळालेला बरा, बोलत, काठी आपटत जावा. अचानक समोर आलं की ते अंगावर येतं, लांबनं कळालं तर बहुतेक वेळा बाजूला होतं.

काकू, मी टिळकवाडीत कॉलेजला आहे. पेपर स्प्रे ठेवला तर चालतो का? एका मैत्रिणीच्या आईनं मिरचीपूड ठेव म्हणून सांगितलं.

स्प्रेला लायसन लागत नाही, मेडिकलमध्ये, ऑनलाइन मिळतो. चाकूपेक्षा शंभरपट बरा, कारण तो वापरून तुला पळता येतं आणि समोरचा तासाभरानं धडधाकट होतो. तरी एक गोष्ट लक्षात ठेव, २०२४ मध्ये आपल्याच कर्नाटक हायकोर्टासमोर एक प्रकरण आलं होतं, जागेच्या वादातनं भांडण झालं आणि सिक्युरिटीवाल्यावर स्प्रे मारला असा आरोप, आम्ही स्वसंरक्षणासाठी मारला म्हणून केस रद्द करायला गेले. कोर्टानं रद्द केली नाही, म्हणालं जीवाला तसा धोका दिसत नव्हता आणि पेपर स्प्रे हे धोकादायक हत्यार आहे. म्हणजे पार्किंगवरनं भांडण झालं, कोणी दोन शब्द वाईट बोललं, तिथं स्प्रे काढायचा नाही. अंगावर आला तरच.

आणि घेतलास तर एक डबी फुकट घालव. खरंच सांगते. गच्चीवर जाऊन, वारा पाठीमागनं घेऊन, भिंतीवर मारून बघ किती लांब जातोय, बटण कसं फिरवायचं. बेळगावचा पावसाळ्यातला वारा तुला माहीत आहे, समोरनं वारा असताना मारलास तर सगळा तुझ्याच डोळ्यात. एक्स्पायरी डेट असते डबीवर, ती गेली की प्रेशर जातं. मिरचीपूड नको, पुडी उघडेपर्यंत तूच शिंकायला लागशील, आणि पर्स कायमची तिखट. मैत्रिणीच्या आईला माझा नमस्कार सांग, आमच्या आईनं पण हाच सल्ला दिला होता.

माझा मुलगा दहावीला आहे. त्याच्या दप्तरात चाकू सापडला, बटणाचा. विचारलं तर म्हणतो वर्गातल्या सगळ्यांकडे आहे, रील काढायला. मारू की शाळेत सांगू?

मारू नका. सगळ्यांकडे म्हणजे दोघा-तिघांकडे असेल, पोरांचं सगळे म्हणजे तेवढेच असतात. खरं ही गोष्ट मी वरच्या सगळ्या पत्रांपेक्षा गंभीर धरते. रील टाकला म्हणजे स्वतःच्या हातानं पुरावा तयार करून गावाला वाटला. वाढदिवसाला तलवारीनं केक कापला आणि व्हिडिओ टाकला म्हणून पोलिसांनी उचललेली पोरं आम्ही कोर्टात बघतो की, केक खाल्लेले मित्र त्या दिवशी एक पण येत नाहीत.

१८ च्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, २०१५ च्या कायद्यानं. खरं १६ पुरी झाली असली आणि गुन्हा अतिगंभीर असला तर मंडळ तपासणी करून त्याला मोठ्या माणसासारखं चालवायला पाठवू शकतं. आणि शाळकरी पोरांच्या भांडणात चाकू असला की अतिगंभीर व्हायला किती वेळ लागतो? बरगडीच्या खाली, मांडीच्या आतल्या बाजूला दोन इंच पातं गेलं तरी माणूस दवाखान्यात पोचायच्या आत जाऊ शकतो. हे त्याला एकदा सरळ शब्दात सांगा, न ओरडता, जेवताना नको, गाडीवर बसवून कुठंतरी लांब नेऊन. आणि हे पण विचारा की कोणी त्रास देतंय काय. रीलचं नुसतं निमित्त असतं कधीकधी, मोठ्या वर्गातली पोरं पैसे मागत असतात आणि पोरगं भीतीनं चाकू घेऊन फिरतं. तसं असेल तर शाळेत जावाच, मुख्याध्यापकांना एकट्याला भेटा, चाकू बरोबर नेऊ नका. तो चाकू घरातनं घालवा, भंगारवाल्याला पातं मोडून द्या.

आमचं घर बेळगाव तालुक्यात आणि शेत चंदगडकडं. तिकडं बांधावरनं भांडण झालं, एकानं चाकू दाखवला. इथल्या स्टेशनला गेलो तर तिकडं जावा म्हणाले. तिकडं गेलो तर साहेब नाहीत. कुठं जायचं?

कुठंही. बीएनएसएस कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठं पण घडू दे, दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) असेल तर कुठल्या पण स्टेशनला तक्रार लिहून घ्यायला पाहिजे, ह्यालाच झिरो एफआयआर म्हणतात, मग ते स्वतः तिकडच्या स्टेशनला पाठवतात. राज्य वेगळं आहे हे कारण चालत नाही. तरी घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं, एसपींना पाठवा, पोच जपून ठेवा. नुसतं चाकू दाखवून दमदाटी केली तो दखलपात्र आहे की नाही हे काय शब्द वापरले, जीवे मारतो म्हणाला काय, अडवून ठेवलं काय ह्यावर बदलतं, म्हणून जे झालं ते सगळं क्रमानं लिहा, दोन ओळीत उरकू नका.

आणि हे तर सगळ्या सीमाभागवाल्यांसाठी. आपण सांगतो मराठीत, लिहिलं जातं कन्नडमध्ये, आणि आपण खाली सही करतो. त्या कलमातच आहे की लिहिलेलं तक्रारदाराला वाचून दाखवायचं आणि प्रत फुकट द्यायची. वाचून दाखवा म्हणा, मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगा म्हणा, हात जोडून म्हणा खरं म्हणाच. भाषेवरनं वाद घालायची ती जागा नव्हे. कन्नड वाचणारं घरातलं पोर बरोबर न्या, हल्ली सगळ्यांच्या पोरांना येतंय. माझ्याकडं एक प्रकरण होतं त्यात चाकू दाखवला असं सांगितलेलं कागदावर चाकू मारला असं आलं, अंगावर जखम कुठंच नाही, आणि समोरच्या वकिलानं त्या एका शब्दावर पूर्ण साक्ष उडवली.

मी ७४ वर्षांची, शहापूरची. नातवाकडं बेंगळूरला पहिल्यांदाच विमानानं चाललेय, सांबऱ्याहून. माझा अडकित्ता पर्समध्ये असतो नेहमी. मुलगी म्हणते काढून घेतील. चाळीस वर्षांचा आहे ओ, सासूबाईंचा.

आजी, मुलीचं बरोबर आहे. हातातल्या पर्समध्ये ठेवलात तर मशीनमध्ये दिसतो आणि तिथं ठेवून घेतात, परत मिळेल याची खात्री नाही. मोठी बॅग जी काउंटरवर देतो ना त्यात, कपड्यांच्या मध्ये, फडक्यात गुंडाळून घाला, त्यात चालतो. वाटेला लागेल तेवढी सुपारी आदल्या दिवशी कातरून डबीत भरून घ्या. आणि खिडकीची सीट मागा.